तीन गळे आणि झिजलेली टेप

पत्र्याची एक बादली. शिवणकामात बोटाला घालायची अंगुस्तानं. 1928 सालच्या मोटरसायकलच्या दोन स्प्रिंगा, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड आणि कचऱ्याच्या डब्यातून उचलून आणलेली सर्किटची पट्टी. ही यादी भंगारवाल्याच्या हातगाडीवर शोभावी अशीच आहे. पण यातली प्रत्येक वस्तू 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडच्या 'अ नाइट अॅट दि ऑपेरा' या अल्बमच्या रेकॉर्डिंगमध्ये कुठे ना कुठे कामाला आलेली आहे. हा अल्बम 21 नोव्हेंबर 1975 रोजी बाजारात आला, तेव्हा तोवरचा सर्वांत खर्चिक अल्बम म्हणून त्याचा बोलबाला होता. खर्चाचा आकडा 40,000 पौंडांच्या घरात सांगितला जातो.

या अल्बममधलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' एव्हाना जगभर पोचलं आहे. इंग्रजी गाण्यांशी फारसा संबंध नसलेल्या माणसानेही ते कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, कुणाच्या रिंगटोनवर किंवा 2018 सालच्या त्याच नावाच्या सिनेमात ऐकलेलं असतं. गाणं गायलं जातं, वाजवलं जातं, असं आपण म्हणतो. या गाण्याच्या बाबतीत ते 'बांधलं गेलं' असंच म्हणायला हवं. घर बांधतात तसं, एकेक वीट लावत, मधूनच एखादी भिंत पाडत आणि मालकाचं एकेका खोलीने वाढत जाणारं मागणं सांभाळत.

या घराचा मालक होता फ्रेडी मर्क्युरी. जन्मनाव फारोख बुलसारा. वलसाडचं जुनं नाव बुलसार, ते त्याच्या आडनावात राहिलेलं. 5 सप्टेंबर 1946 रोजी झांझिबारमध्ये, पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला आणि आठव्या वर्षी तो आला थेट आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगमध्ये. फारोखचा 'फ्रेडी' झाला तो इथेच. पियानोचं शिक्षण भारतातच झालं. शाळेतल्या पाच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, त्यात हा पियानोवर असे आणि मुख्य गायक भलताच कुणीतरी होता. पाचगणीत क्वीन घडलं असं म्हणणं म्हणजे आपल्याच अंगणातून सूर्य उगवतो म्हणण्यासारखं आहे. पण टेबललँड पाहून स्ट्रॉबेरी-क्रीम खाऊन परतणाऱ्यांनी येता-जाता त्या शाळेकडे एकदा नजर टाकायला हरकत नाही.

उरलेले तिघेही शिकलेसवरलेले. गिटारिस्ट ब्रायन मे खगोलभौतिकीत पीएच.डी. करता करता बँडमध्ये गुंतला. अर्धवट राहिलेली ती पदवी त्याने पुढे 2007 मध्ये पूर्ण केली. ड्रमर रॉजर टेलर दंतवैद्यक शिकायला लंडनला आलेला आणि मग जीवशास्त्राकडे वळलेला. बास गिटार वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर.

1975 च्या सुरुवातीला या चौघांचं बाहेरून बरं चाललं होतं. आदल्या वर्षी 'किलर क्वीन' हे गाणं ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. खिसे मात्र रिकामे. 'ट्रायडेंट' या कंपनीशी त्यांचा जुना करार होता. त्या कंपनीच्या मालकीच्या लंडनमधल्या स्टुडिओत गिऱ्हाईक नसेल त्या वेळात, म्हणजे बऱ्याचदा रात्री-अपरात्री, त्यांनी आपला पहिला अल्बम केलेला. आता गाणी गाजत होती आणि हातात पडत होता आठवड्याचा पगार, साठेक पौंड. नुकतंच लग्न झालेल्या डीकनला घरासाठी रक्कम हवी होती, ती मिळाली नाही. टेलरला म्हणे ड्रम जरा जपून बडव, काठ्या मोडतात, असं सांगण्यात आलं. शेवटी वकील आले, कागदपत्रं झाली, करार सुटला आणि एल्टन जॉनचे मॅनेजर जॉन रीड यांनी क्वीनची जबाबदारी घेतली. पैशाचं मी बघतो, तुम्ही तुमच्याच्याने होईल तेवढा चांगला अल्बम करा, असं त्यांनी चौघांना सांगितलं. कर्जात बुडालेल्या बँडने या सल्ल्यावर एवढा खर्च करावा, याला धाडस म्हणा किंवा जुगार. हा अल्बम पडला असता तर बहुधा क्वीनही संपलं असतं.

मर्क्युरीने ट्रायडेंटवरचा राग अल्बमच्या पहिल्याच गाण्यात ओतला. 'डेथ ऑन टू लेग्ज' या गाण्यात नाव कुणाचंच नव्हतं, तरी टोपी बरोबर डोक्यावर बसली आणि प्रकरण बदनामीच्या दाव्यापर्यंत गेलं. पुढे कोर्टाबाहेर तडजोड झाली.

उन्हाळ्यात सरे परगण्यातल्या रिज फार्मवर गाण्यांची तयारी झाली. मग हेरफर्डशरमधल्या पेनरोस इथे तीन आठवडे तालीम. आणि 24 ऑगस्ट 1975 पासून वेल्समधल्या मॉनमथ गावाजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चं रेकॉर्डिंग सुरू झालं.

रॉकफील्डची गोष्टही ऐकण्याजोगी आहे. किंग्जली आणि चार्ल्स वॉर्ड हे दोन भाऊ, घरचा धंदा दुधाचा. गाई पाळायच्या, दूध काढायचं. पण दोघांच्या डोक्यात रॉक अँड रोल शिरलेलं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी शेतावरच्या इमारतीत, जनावरांचं खाद्य ठेवायच्या माळ्यावर, रेकॉर्डिंगचे प्रयोग सुरू केले. वाजवायला आलेली मंडळी तिथेच राहू लागली, जेवू लागली. लंडनच्या स्टुडिओत घड्याळाकडे बघत काम करावं लागे. इथे झोपेतून उठलं की अंगणापलीकडे स्टुडिओ. मुक्कामी राहून रेकॉर्डिंग करण्याचा जगातला पहिला स्टुडिओ, असा रॉकफील्डचा लौकिक आहे. वीस वर्षांनी 'ओएसिस'नेही आपला सर्वांत गाजलेला अल्बम इथेच केला.

आता थोडं तंत्राकडे वळू, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही.

त्याच ऑगस्टच्या 15 तारखेला आपल्याकडे 'शोले' लागला होता. त्या काळात मुंबईत सिनेमाचं गाणं रेकॉर्ड व्हायचं ते सगळ्यांनी एकाच वेळी गाऊन-वाजवून. व्हायोलिनवाल्यांची रांग, तबला-ढोलकवाले, गिटार, बासरी आणि काचेच्या खोलीत गायिका. कुणी एक चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. जे टेपवर उतरायचं ते त्या दिवशी त्या खोलीत खरंच घडलेलं असायचं. पाश्चात्त्य रॉकने तोवर वेगळी वाट धरली होती. दोन इंच रुंद टेप, तिच्यावर शेजारी शेजारी 24 पट्टे. प्रत्येक पट्ट्यावर स्वतंत्र आवाज. आज ड्रम वाजवा, उद्या ते हेडफोनवर ऐकत दुसऱ्या पट्ट्यावर गिटार, परवा तिसऱ्यावर गाणं. या चढवाचढवीला 'ओव्हरडब' म्हणतात. शेवटी चोवीस पट्ट्यांचा मेळ घालून दोन पट्ट्यांत आणायचे, डावा कान नि उजवा कान, की झालं मिक्सिंग.

चोवीस ही संख्या मोठी वाटते. ड्रमनीच त्यातले काही पट्टे खाल्ले, पियानोने दोन, बासने एक, की उरलेल्यांवर मारामारी सुरू होते. त्यावर युक्ती अशी, की भरलेले चार-सहा पट्टे एकत्र वाजवून त्यांची बेरीज रिकाम्या पट्ट्यावर उतरवायची आणि जुने पुसून जागा मोकळी करायची. यात तोटा हा, की ही झेरॉक्सची झेरॉक्स असते. दर पिढीत आवाजाची धार कमी होते, टेपची खरखर वाढते. शिवाय एकदा बेरीज केली की मागे फिरता येत नाही. तिसरा आवाज जरा मोठा झाला असं नंतर वाटलं, तरी तो आता सुटा करता येत नाही; घोळ झाला तर सगळं पुन्हा गा.

क्वीनने याच युक्तीला शेवटच्या टोकापर्यंत ताणलं.

निर्माता रॉय थॉमस बेकर सांगत असे ती हकीकत रॉकप्रेमींना पाठ आहे. मर्क्युरीने त्याला लंडनच्या आपल्या फ्लॅटवर पियानोवर एका गाण्याची सुरुवात वाजवून दाखवली. संथ, हळवी चाल. मध्येच हात थांबवून तो म्हणाला की इथून पुढे ऑपेरा येणार. मग दोघे उठून जेवायला गेले. बेकरने यापूर्वी ऑपेरा कंपनीसाठी रेकॉर्डिंगचं काम केलेलं असल्यामुळे तो हादरला नाही इतकंच. रॉकफील्डला पोचल्यावर पियानो, बास आणि ड्रम यांचा पाया मर्क्युरी, डीकन आणि टेलर यांनी तुकड्यातुकड्यांनी वाजवून घेतला. ऑपेऱ्याच्या जागी थोडी टेप कोरी सोडली, अर्ध्याएक मिनिटाची. ती पुरेल असा अंदाज होता.

तो साफ चुकला. रोज सकाळी मर्क्युरी नवी कल्पना घेऊन येई. इथे कोरसमध्ये आणखी काही 'गॅलिलिओ' घालू या, असं म्हणे. आराखडा सगळा त्याच्या डोक्यात. रीतसर नोटेशन नव्हतंच. वडिलांच्या ऑफिसातल्या कागदांवर स्वरांची अक्षरं चौकोनाचौकोनांत मांडलेली, ती इकडून तिकडे धावत सुटलेली. त्यातून कुठली ओळ कुणी, केव्हा नि कोणत्या पट्टीत गायची ते त्यालाच कळे. बाकीच्यांनी ते पूर्ण ऐकलं ते सगळं झाल्यावर. तोवर आपण नेमकं काय करतोय याचा पत्ता त्यांनाही नव्हता.

कोरस ऐकताना वाटतं की पन्नास-साठ माणसांचं पथक उभं असणार. गाणारे होते तिघे. मे खालच्या पट्टीत भक्कम, मर्क्युरी मधल्या पट्टीत धारदार आणि टेलर तार सप्तकात, काच तडकावी असा टिपेचा. डीकन या गाण्यात गायलाच नाही. तिघांनी मिळून एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची, मग वरच्या सुरांची ओळ, मग तिच्या वरची. अशा थरांची बेरीज करायची आणि पुढच्या शब्दाला लागायचं. दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास गाणं चालायचं. एकूण ओव्हरडबची संख्या 180 च्या आसपास सांगितली जाते. ऑपेऱ्याचा तो भाग गाण्यात भरतो जेमतेम एक मिनिट, आणि त्याला लागले सुमारे तीन आठवडे. त्या काळी तेवढ्यात अख्खा अल्बम उरकणारे बँड होते.

कोरी सोडलेली टेप तर केव्हाच अपुरी पडली होती. मग ब्लेड बाहेर आलं. आज संगणकावर माऊस फिरवून जे होतं ते तेव्हा शब्दशः हाताने व्हायचं. टेप खाचेत बसवायची, तिरका छेद द्यायचा, मधे नवा तुकडा ठेवायचा आणि चिकटपट्टीने जोडायचं. दोन इंची टेपवर छेद केसभर चुकला तर चोवीसच्या चोवीस आवाज एकाच वेळी ठेचकाळतात. ज्या टेपवर तिघांच्या कित्येक दिवसांची मेहनत आहे तिच्यावर ब्लेड चालवणाऱ्याच्या छातीचे ठोके किती पडत असतील याची कल्पना करावी.

टेपची कथा इथेच संपत नाही. टेप म्हणजे प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचा लेप. आवाज राहतो तो त्या लेपात. यंत्राच्या हेडवरून टेप जितक्या वेळा घासली जाईल तितका लेप झिजतो. ही टेप शेकडो वेळा पुढेमागे गेली होती. आवाजातली झळाळी का कमी होतेय, म्हणून एकदा त्यांनी टेप उजेडासमोर धरली, तर तिच्यातून आरपार दिसत होतं. मे आणि बेकर दोघांनीही हा प्रसंग अनेकदा सांगितला आहे, आणि दोघांनाही गोष्टी रंगवून सांगण्याची हौस होती, हेही लक्षात ठेवायला हवं. पण टेप झिजली होती आणि तिची नक्कल घाईघाईने करून घ्यावी लागली, एवढं नक्की. झाडूनपुसून ठेवायचा खजिना वापरून वापरून विरला होता, लुगड्यासारखा.

रॉकफील्ड हा एकच स्टुडिओ पुरला नाही. या एका गाण्यासाठी राउंडहाउस, सार्म, स्कॉर्पिओ साउंड आणि वेसेक्स असे आणखी चार वापरले गेले. मुदत जवळ येत चालली तसे एकाच दिवशी बँडचे लोक वेगवेगळ्या ठिकाणी काम करू लागले. मे एका स्टुडिओत गिटारचे थर चढवतोय, मर्क्युरी दुसरीकडे गातोय. टेपची रिळं लंडनभर फिरत होती. चौघे एका खोलीत बसून वाजवताहेत हे चित्र या अल्बमच्या बाबतीत विसरलेलं बरं.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या सावलीत बाकीची गाणी झाकोळतात, हा त्यांच्यावर अन्यायच आहे. आणि सुरुवातीच्या यादीतली बादली तर अजून आलीच नाही.

'लेझिंग ऑन अ संडे आफ्टरनून' हे मिनिटभराचं गाणं जुन्या काळच्या भोंग्यातून यावं तसं वाजायला हवं होतं. इंजिनियरने मर्क्युरीचा आवाज एका हेडफोनमधून वाजवला, तो हेडफोन पत्र्याच्या बादलीत टाकला आणि बादलीत घुमणारा आवाज माइकने उचलला. झाला भोंगा. 'सीसाइड राँदेव्हू'मध्ये मध्येच एक वाद्यवृंद येतो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट वगैरे. त्यात एकही वाद्य नाही. मर्क्युरी आणि टेलर तोंडाने ते आवाज काढताहेत. टॅप डान्सचा ठेका आहे तोही नाचाचा नव्हे. दोघांनी बोटांत अंगुस्तानं घालून ती टेबलावर आपटली. वयाची तिशी गाठायला आलेली दोन माणसं, महागड्या स्टुडिओत, शिंप्याच्या टोप्या घालून टकटक करत बसलेली. अल्बमच्या कव्हरवर 'यात सिंथेसायझर वापरलेला नाही' अशा अर्थाची ओळ होती, ती या चालूपणाला शोभणारीच. सिंथेसायझरचा भाव तेव्हा चढता होता; बटण दाबलं की तुतारी, बटण दाबलं की तंतुवाद्यं. या चौघांनी ते टाळलं आणि वर मिरवलंही. (1980 मध्ये त्यांनी तो वापरलाच, शपथा अशाच असतात.)

मेची गिटार ही तर स्वतंत्र लेखाची सामग्री आहे. 1963 मध्ये, शाळकरी वयात, दुकानातली गिटार परवडत नाही म्हणून त्याने आणि त्याच्या वडिलांनी ती घरीच बनवायला घेतली. मानेला शेकोटीच्या चौकटीचं महोगनी, अंगाला जुन्या टेबलाचं ओक, पट्ट्यांवरच्या खुणांना आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं, आणि सूर थरथरवायच्या कळीला त्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार, त्यामुळे ही हौसेची सुतारकी न राहता नेमकं काम झालं. ही 'रेड स्पेशल' तो प्लास्टिकच्या पिकऐवजी सहा पेन्सच्या नाण्याने छेडतो. दाते असलेली नाण्याची कड तारेवर घासली की त्या सुराला किंचित खरवडलेली धार येते.

कचऱ्यातल्या सर्किटचं श्रेय डीकनचं. 1972 मध्ये रस्त्याकडेच्या कचऱ्यात त्याला ते दिसलं. ते त्याने एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अॅम्प्लिफायर तयार झाला. मेने त्याला गिटार जोडली आणि त्यातून कधी व्हायोलिनसारखा, कधी पितळी वाद्यासारखा आवाज निघू लागला. 'गुड कंपनी' या गाण्यात जुन्या जॅझ बँडचा जो तुकडा आहे, त्यातला ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रोम्बोन हे सगळं या एका गिटारवर आणि या डबड्यातून काढलेलं आहे. एकेक वाद्याची लकब अभ्यासून, सूर सूर जोडत. ऐकणाऱ्याला जर कुणी सांगितलं नाही तर शंकाही येत नाही. माझ्या मते साऱ्या अल्बममधली सर्वांत चलाख कारागिरी ही, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'पेक्षाही.

'लव्ह ऑफ माय लाइफ'मध्ये मे हार्प वाजवतो, म्हणजे तसं ऐकू येतं. हार्पच्या तारा उतरत राहायच्या. म्हणून त्याने एकेक कॉर्ड वाजवून घेतला, पुन्हा सुरात लावून पुढचा वाजवला, आणि तुकडे जोडले. 'द प्रॉफेट्स साँग' या आठ मिनिटांहून मोठ्या गाण्यात मर्क्युरी एकटाच स्वतःच्याच आवाजाशी सवाल-जवाब करतो. त्याची करामतही साधी आणि यांत्रिक: एका यंत्रावर गाणं टेपवर उतरतं आणि तीच टेप पुढे दुसऱ्या यंत्रातून जाताना तो आवाज काही क्षणांनी पुन्हा वाजतो. दोन यंत्रांत अंतर जितकं जास्त तितका उशीर. गायकाने परत येणाऱ्या आपल्याच आवाजाचं भान ठेवून पुढचा सूर असा लावायचा की दोन्ही जुळावेत. दरीच्या काठावर उभं राहून प्रतिध्वनीशी जुगलबंदी करण्यासारखं.

डीकनच्या वाट्याला या अल्बममध्ये अभ्यासच फार आला. त्याने बायकोसाठी 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' लिहिलं आणि त्यात इलेक्ट्रिक पियानो हवा असं ठरवलं. मर्क्युरीला ते वाद्य आवडत नसे, त्याने वाजवायला नकार दिला. डीकन ते घरी घेऊन गेला आणि शिकून आला. ''39' या मेच्या गाण्यासाठी तू डबल बास वाजव, असं मेने त्याला गमतीत सुचवलं. दोन-तीन दिवसांनी बघतो तर डीकन माणसाच्या उंचीचं ते वाद्य घेऊन सराव करतोय. त्या गाण्याचा विषय खास मेचाच: अंतराळप्रवासी वर्षभराने घरी परततात, तोवर पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली असतात. आइन्स्टाइनची सापेक्षता, तीही लोकगीताच्या ठेक्यावर.

टेलरचं 'आय अॅम इन लव्ह विथ माय कार' ब्रायन मे याला आधी थट्टेचं वाटलं होतं. शेवटी ऐकू येते ती त्याच्या स्वतःच्या गाडीची घरघर. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या तबकडीची मागची बाजू याच गाण्याने भरली. तबकडी विकली गेली की पुढच्या आणि मागच्या गाण्याच्या लेखकाला रॉयल्टी सारखीच मिळते. गाडीवरच्या या गाण्याने टेलरला किती मिळवून दिलं, यावरून बँडमध्ये पुढे बरीच वर्षं धुसफुस चालली.

अल्बमचं नाव मार्क्स बंधूंच्या 1935 सालच्या विनोदी सिनेमावरून आलं. काम चालू असताना एका संध्याकाळी त्यांनी तो पाहिला आणि ऑपेऱ्याचा धुमाकूळ घातलेल्या आपल्या अल्बमला तेच नाव चपखल बसेल हे लक्षात आलं.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' 31 ऑक्टोबर 1975 रोजी तबकडीवर आलं. लांबी 5 मिनिटं 55 सेकंद. एवढं लांब गाणं रेडिओवर कुणी लावणार नाही, ते कापा, असा रेकॉर्ड कंपनीचा आग्रह होता आणि त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. कापण्याला बँडची तयारी नव्हती. मर्क्युरीचा मित्र, कॅपिटल रेडिओचा केनी एव्हरेट याला एक प्रत दिली गेली, लावायची नाही या बोलीवर. त्याने दोन दिवसांत ती चौदा वेळा लावली. बोली कोणत्या हेतूने घातली गेली होती, हे वाचकांनी ओळखावं. दुकानांतून मागणी सुरू झाली आणि गाणं नऊ आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिलं.

एक अडचण उरली. हे गाणं स्टेजवर गायचं कसं? तीन गळ्यांचे एकशे ऐंशीएक थर तीन गळ्यांतून एका वेळी निघत नाहीत. कार्यक्रमात ऑपेऱ्याचा भाग आला की चौघे स्टेजवरून आत जात, टेप वाजे, आणि रॉकचा भाग सुरू होताच धुरातून पुन्हा बाहेर येत. टीव्हीसाठीही तोच पेच. म्हणून 10 नोव्हेंबरला एल्स्ट्री इथे, जिथे दौऱ्याची तालीम चालू होती, तिथेच ब्रूस गॉवर्सच्या दिग्दर्शनाखाली एक चित्रफीत बनवली. अंधारातून वर पाहणारे चार चेहरे, सगळ्यांना ठाऊक असलेलं ते दृश्य. आवाजाला तीन आठवडे लागले होते, चित्राला लागले चारेक तास.

24 नोव्हेंबर 1991 रोजी मर्क्युरी गेला. त्या डिसेंबरात हे गाणं पुन्हा पहिल्या क्रमांकावर आलं आणि एकाच रेकॉर्डिंगने दोनदा नाताळचा पहिला क्रमांक पटकावण्याची ब्रिटनमधली ती पहिलीच वेळ ठरली. 2023 मध्ये लंडनला त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला. गाण्याचे हाताने लिहिलेले कच्चे कागद त्यात होते. एका पानावर आधी 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी' असं शीर्षक लिहून ते खोडलेलं. गाणी ज्यावर रचली तो यामाहाचा छोटा ग्रँड पियानो सतरा लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. अख्ख्या अल्बमच्या रेकॉर्डिंगला लागल्याचं सांगतात त्याच्या चाळीसपटींहून जास्त.

फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकून काही हाती लागत नाही. बरे हेडफोन घ्या. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चं तिसरं मिनिट उलटलं की पियानोचे तुटक ठोके सुरू होतात आणि आवाज डाव्या कानातून उजव्या कानात उड्या मारू लागतात. खालची पट्टी मेची, वरचा टिपेचा सूर टेलरचा, हे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वेगवेगळं ऐकू येऊ लागतं. अगदी शेवटी सगळं शांत झाल्यावर टेलरने मोठ्या काशाच्या थाळ्यावर मारलेला एक ठोका आहे. तो पुरता विरेपर्यंत हेडफोन काढू नका.